मशीनसाठी द्राक्षबाग विकू का?

*मावशी, आमचं गाव तासगाव तालुक्यात. माझे मालक ३६ वर्षांचे. १४ महिन्यांपूर्वी रात्री बाजारातून येताना त्यांच्या मोटरसायकलला पिकअपनं ठोकरलं. मिरजेत डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. डाव्या बाजूचं कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय, ते अजून बसवलेलं नाही. उजवा हात आखडलाय, बोलणं तुटक झालंय. दिवसभर गप्प असतात आणि अचानक एवढे चिडतात की लेकरं घाबरतात. दोनदा फीट आली. फिजिओथेरपी दोन महिने केली, मग बागेचा हंगाम आला आणि ती सुटली. आता पुण्यातल्या एका सेंटरचा व्हिडिओ आलाय. मेंदूला बाहेरून करंट देऊन बरं करतात म्हणे. ४० सिटिंगचे अडीच लाख, राहणं-खाणं वेगळं. या महिन्यात पैसे भरले तर सूट आहे. दीर म्हणतात, वीस गुंठे बाग विकू. अपघाताची केस कोर्टात आहे, वकील म्हणतात लोकअदालतीत मिटवून टाका. बाग विकू का? आणि मालक पहिल्यासारखे होतील का?*

*— एक वाचक, जि. सांगली*

ताई, बाग विकू नका. या सेंटरसाठी आणि या महिन्यात तर अजिबात नको. तुमच्या दिरांची तळमळ मला कळते. भावासाठी वीस गुंठे द्यायला निघालेला माणूस आहे तो, त्यांच्यावर रागावू नका. पण पैसा आधी कुठे लागायला हवा, हा क्रम चुकतोय. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते मशीन नाही, हाड 'अजून बसवलेलं नाही' हे टोचलं. त्यावर येतेच. पण तुम्ही मशीनबद्दल विचारलंय, म्हणून आधी ते सांगते.

व्हिडिओत दाखवतात ती बहुतेक टीएमएस किंवा टीडीसीएस यांपैकी एक पद्धत असते. टीएमएसमध्ये तारेचं वेटोळं डोक्याला टेकवतात. त्यातून चुंबकीय लहर सोडली की तिच्यामुळे मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. टक् टक् असा आवाज येतो, माणूस जागा असतो, भूल लागत नाही. इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र १९८५ मध्ये पहिल्यांदा दाखवलं. टीडीसीएस त्याहून साधं आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधतात आणि बॅटरीवरून १ ते २ मिलिअँपिअर इतका मंद प्रवाह देतात. दोन्हींमागची कल्पना एकच. मेंदूचा ठरावीक भाग काही वेळ जास्त जागा करायचा, किंवा जास्त उसळत असेल तर थोडा शांत करायचा, आणि त्या वेळात त्या भागाकडून काम करून घ्यायचं.

हे 'काम करून घ्यायचं' व्हिडिओत राहून जातं. तुम्ही द्राक्षवाल्या आहात, म्हणून असं सांगते. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, पेस्ट लावली की डोळे एकसारखे फुटतात. पण काडी पक्व झालेली नसेल, मुळाला पाणी नसेल, तर नुसत्या पेस्टवर बाग येत नाही. मेंदूला दिलेलं उत्तेजन हे असंच आहे. सोबत हाताचा आणि बोलण्याचा रोजचा सराव चालू असेल, तर त्याचा काही उपयोग होण्याची आशा धरता येते. तुमच्या घरी तो सराव बंद पडलाय. खुर्चीत अर्धा तास बसून परत यायचं आणि उरलेला दिवस गप्प काढायचा, याला अडीच लाख देऊ नका.

आता कुठे काय सिद्ध झालंय ते सांगते, कारण सेंटरवाले सगळं एकाच टोपलीत घालून दाखवतात. टीएमएसला अमेरिकेच्या औषध नियामकानं २००८ मध्ये मान्यता दिली ती नैराश्यासाठी. नंतर २०१८ मध्ये मंत्रचळासाठी, म्हणजे तोच विचार किंवा तीच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारासाठी, मान्यता मिळाली. हातासाठी म्हणाल, तर २०२१ मध्ये त्याच नियामकानं मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला उत्तेजन देणारं एक उपकरण मंजूर केलं. ते छातीत शस्त्रक्रियेनं बसवतात. रुग्ण हाताची हालचाल करतो त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबतो आणि नसेला लहर जाते. त्याचा अभ्यास १०८ रुग्णांवर झाला, आणि ते सगळे रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात झालेले होते. अपघातात डोक्याला मार लागलेले त्यात नव्हते.

आणखी एक अभ्यास तुम्ही आणि दिरांनी दोघांनी नीट वाचावा असं मला वाटतं. पक्षाघातानंतर हात सुधारावा म्हणून अमेरिकेत १९९ रुग्णांना टीएमएस दिलं. काहींना खरं, काहींना नुसतं आवाज करणारं खोटं. हाताचा सराव मात्र सगळ्यांना सारखाच करायला लावला. २०१८ मध्ये निकाल आला. खरं मशीन लावलेल्यांपैकी ६७ टक्के सुधारले आणि खोटं लावलेल्यांपैकी ६५ टक्के. म्हणजे हात सुधारले, दोन्ही गटांत सुधारले, आणि दोन्ही गटांत सारखा होता तो सराव. व्हिडिओत उठून चालणारा रुग्ण खोटा असेल असं मी म्हणत नाही. तो मशीननं उठला की दोन महिने रोज कुणीतरी उभं केलं म्हणून उठला, हे मात्र त्या व्हिडिओवरून कळत नाही.

तुमच्या यजमानांसारख्या, म्हणजे अपघातात मेंदूला मार लागलेल्यांसाठी आशादायक काम चालू आहे, हेही मी लपवणार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये पाच जणांचे निष्कर्ष छापले. अपघाताला वर्षं उलटलेली, पण लक्ष लागत नाही, काम जमत नाही अशी ही माणसं. त्यांच्या मेंदूच्या गाभ्यात, थॅलॅमस नावाच्या भागात तारा बसवल्या आणि एकाग्रतेच्या एका चाचणीत त्यांचा वेग सरासरी ३२ टक्क्यांनी वाढला. वाचून मला आनंद झाला. पण ती कवटीला भोक पाडून केलेली शस्त्रक्रिया आहे, माणसं फक्त पाच होती, आणि ती आधीच स्वतःचं स्वतः करण्याइतपत सावरलेली होती. पुण्याच्या सेंटरमधल्या खुर्चीचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यांनी त्याची बातमी दाखवली तर तुम्हाला हे ठाऊक असावं.

आता तुमच्या घरचं बोलू. यजमानांच्या बाबतीत दोन गोष्टी अशा आहेत की त्या ऐकल्यावर कुठल्याही जबाबदार डॉक्टरनं मशीन बाजूला ठेवून आधी प्रश्न विचारले असते. पहिली, दोनदा आलेली फीट. टीएमएसनं क्वचित फीट येऊ शकते, आणि ज्याच्या मेंदूला जखम आहे, ज्याला आधीच फीट येते, त्याला हा धोका जास्त. दुसरी, डाव्या बाजूला हाड नसणं. हाड हे विजेला अडवतं. जिथे ते नाही तिथून प्रवाह आत जास्त शिरतो, आणि किती शिरेल याचा नेहमीचा हिशेब लागू पडत नाही. डोक्यात धातूची क्लिप, धातूची पट्टी किंवा पाणी काढणारी नळी असेल तर तेही आधी सांगावं लागतं, कारण नळीच्या काही झडपांची जुळवणी चुंबकानं बदलते. त्या सेंटरनं फोनवर यातलं काही विचारलं का? तुमच्या पत्रात तरी फक्त पैशांचा आणि सवलतीचा उल्लेख आहे. न तपासता ज्यांनी ४० सिटिंग ठरवली, त्यांच्याकडे मी माझ्या घरचा माणूस पाठवणार नाही.

म्हणून पहिलं काम हाडाचं. ऑपरेशन जिथे झालं तिथल्या न्यूरोसर्जनकडे फाइल घेऊन जा आणि स्पष्ट विचारा, हाड कधी बसवायचं. कवटी बरेच महिने उघडी राहिली की काही रुग्णांत कातडी आत खचते, मेंदूवर बाहेरच्या हवेचा दाब पडतो, आणि माणूस मंद होतो, हातपाय जास्त ओढले जातात, बोलणं मागे जातं. अशांपैकी काही जण हाड बसवल्यावर सुधारलेले डॉक्टरांनी नोंदवलेत. तुमच्या यजमानांचं तसंच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, ते सीटी स्कॅन बघून डॉक्टरच सांगतील. पण ही शक्यता तपासल्याशिवाय दुसरीकडे अडीच लाख घालणं मला पटत नाही. शिवाय पोटात ठेवलेलं हाड दिवसेंदिवस झिजू शकतं. ते बसवण्याजोगं उरलं नसेल तर टायटॅनियमची जाळी किंवा हाडाच्या सिमेंटचा तुकडा बसवतात. याच भेटीत डोक्यात पाणी साचलंय का हेही विचारा.

दुसरं, फीटच्या गोळ्या. एकही चुकवायची नाही आणि मनानं बंद करायची नाही. पण गोळ्यांनी गुंगी येते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. काही गोळ्यांनी माणूस सुस्त होतो, काहींनी चिडखोर होतो, आणि त्या बदलता येतात. फीट पूर्ण आटोक्यात येईपर्यंत त्यांना विहिरीवर, शेततळ्यावर, मोटर चालू करायला एकटं पाठवू नका.

तिसरं, एक रक्ततपासणी आहे, ती आपल्याकडे बऱ्याचदा राहून जाते. मोठ्या मारानंतर मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी काही रुग्णांत नीट काम करत नाही. मग थायरॉइड आणि इतर संप्रेरकं कमी पडतात. माणूस थकलेला, निरुत्साही, गप्प होतो, आणि घरचे समजतात की मेंदूच गेला. तपासणीत कमी निघालं तर त्यावर औषधं आहेत.

चौथं, मन. दिवसभर गप्प बसणं हे नैराश्यही असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, 'वेडाचा डॉक्टर' म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. आणि बघा, टीएमएसचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो नैराश्यासाठीच. उद्या औषधांनी उतार पडला नाही आणि मानसोपचारतज्ज्ञ व न्यूरोलॉजिस्ट दोघांनी मिळून, फीट आणि हाड दोन्ही ध्यानात घेऊन टीएमएस सुचवलं, तर मी नको म्हणणार नाही. तेव्हा तो इलाज कुठल्या आजारासाठी चाललाय हे तरी तुम्हाला माहीत असेल.

आता हाताकडे आणि बोलण्याकडे येते. इथे मला मनापासून वाईट वाटतं. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी मिरजेत १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून लांबलांबून लोक इलाजाला मिरजेला येतात. डोक्याचं मोठं ऑपरेशन आपल्या जिल्ह्यात होतं, जीव वाचतो. पण डिस्चार्ज मिळाला की पुढची दोन-तीन वर्षं घरच्या बायकांच्या अंगावर पडतात. टाके काढायला कधी यायचं ते सांगतात, पण घरी हात कसा हलवायचा, बोलणं कसं परत शिकवायचं, हे खाटेपाशी बसून कुणी शिकवत नाही. तुमची फिजिओथेरपी हंगामात सुटली यात तुमचा दोष नाही. बाग, लेकरं, सासू-सासरे आणि रोजची एसटी, हे सगळं एका बाईला जमणारं नाही.

त्यामुळे रोज जाणं सोडा. पंधरा दिवसांतून एकदा जा आणि घरी करायचं शिकून या. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, दोन्हीकडे फिजिओथेरपीबद्दल विचारा. तिथे थेरपिस्टला सांगा, 'आमच्या घरात जे आहे त्यातूनच व्यायाम बसवून द्या.' तुमच्याकडे बेदाणा असणारच. टेबलावर दोन ताटल्या मांडा, एका ताटलीतला हिरवा आणि काळपट बेदाणा उजव्या हातानं निवडून वेगळा करायला लावा. बोटं उघडत नसतील तर सुरुवातीला वाटी धरून सरकवणं, मग मूठभर उचलून टाकणं, मग एकेक दाणा. याने हातही चालतो आणि लक्षही एका जागी टिकतं. शिवाय हे काम त्यांनी आयुष्यभर बघितलेलं आहे, रबरी चेंडू दाबण्यापेक्षा त्यात मन लागेल. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. थकले की थांबवा.

बोलण्यासाठी वाचा उपचार तज्ज्ञांना एकदा तरी भेटा. घरात त्यांचं वाक्य कुणी पूर्ण करू नका, मुलांनाही सांगा. शब्द सापडेपर्यंत वाट बघायची. रोजची नावं, म्हणजे बैलाचं, गल्लीतल्या दुकानाचं, द्राक्षाच्या जातीचं, फोटो दाखवून विचारायची.

चिडण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती लिहिताना तुमचा हात थांबला असेल. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला आवर घालतो. तो दुखावला की राग येतो आणि अडवणारं कुणी नसतं. ते तुमच्यावर किंवा लेकरांवर चिडत नाहीत, त्या क्षणी झालेल्या गोंधळावर चिडतात. टीव्ही, मोबाइल, पाहुणे आणि जेवणाचं ताट एकाच वेळी आलं की भडका उडतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा. दुपारी अंधाऱ्या, शांत खोलीत झोपू द्या. राग चढताना दिसला की वाद न घालता मुलांना घेऊन बाहेरच्या सोप्यात या. आणि हात उगारण्यापर्यंत गेलं, तर ते सोसत बसू नका. डॉक्टरांना तसं सांगा, त्यावर औषधं आहेत. घरच्यांसमोर तुम्ही रडू शकत नसाल तर माहेरच्या एखाद्या बहिणीला दर रविवारी चार तास घरी बोलवा आणि तुम्ही बाहेर पडा. नवऱ्याची सेवा करताना आजारी पडलेल्या बायका मी खूप बघितल्यात.

एवढं करूनही उत्तेजनाच्या उपचाराचं मत घ्यायचंच असेल, तर योग्य दार ठोठवा. बेंगळुरूची निम्हान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे मेंदूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र पुनर्वसन विभाग आहे आणि मेंदू-उत्तेजनावर कामही चालतं. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस थेट बेंगळुरूला जाते. मुंबईला जाणं सोयीचं असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारचीच अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. आणि कुठल्याही सेंटरनं 'हे नवं संशोधन आहे' असं म्हटलं, तर त्यांना सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. १५ जून २००९ पासून भारतात औषध-उपचारांच्या चाचण्यांची तिथे आधी नोंद करणं सक्तीचं आहे, आणि ती यादी कुणालाही इंटरनेटवर बघता येते. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्या संशोधनाचा खर्च घ्यायचा नाही, असं आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे संशोधन म्हणत असतील तर अडीच लाख का, आणि सिद्ध झालेला इलाज म्हणत असतील तर तुमच्या यजमानांच्या आजारासाठी तो कुठे सिद्ध झाला, या दोहोंपैकी एकाचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल.

पैशांचं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथे रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. हाड बसवण्याचं ऑपरेशन या योजनेत कसं बसतं, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्या. पुण्या-मुंबईच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली, तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला लागतो, तो आजच काढायला टाका. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर तेही करा.

आणि कोर्टाची केस घाईनं मिटवू नका. हे मी मशीनपेक्षाही जोर देऊन सांगते. १४ महिन्यांत झालेल्या बिलांवर तडजोड झाली, तर हाडाचं ऑपरेशन, पुढची औषधं, वर्षानुवर्षांची थेरपी आणि त्यांच्यासाठी घरात अडकलेला तुमचा वेळ, हे सगळं तुमच्याच पदरी पडेल. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये काजल विरुद्ध जगदीश चंद या खटल्यात, अपघातात मेंदूला कायमची इजा झालेल्या एका मुलीची भरपाई ६२ लाख २७ हजारांपर्यंत वाढवली. त्यात पुढच्या उपचारांचा आणि सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च धरला होता. तुमची रक्कम तेवढीच होईल असं नाही, प्रत्येक केस वेगळी असते. पण वकिलांना हा निकाल दाखवा. न्यूरोसर्जन आणि थेरपिस्टकडून पुढे काय काय उपचार लागतील ते लेखी घ्या, आणि ते कोर्टासमोर आल्याशिवाय लोकअदालतीच्या कागदावर सही करू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न मी टाळणार नाही. ते पहिल्यासारखे होतील असं वचन मला देता येत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून सावध राहा. पण १४ महिने म्हणजे सुधारणा संपली असंही नाही. पहिल्या वर्षात वेग जास्त असतो, नंतर तो मंदावतो, तरी सरावानं हात आणि बोलणं त्यानंतरही पुढे सरकतं. कवटी उघडी, सराव बंद, मनाचा इलाज सुरूच नाही, अशा स्थितीत ते आज जिथे आहेत तीच त्यांची हद्द आहे असं मी मानत नाही.

सेंटरचा फोन येईलच, सूट संपत आल्याचं सांगायला. तेव्हा वाद घालू नका. एवढंच म्हणा, 'आमच्या माणसाला फीट येते आणि डोक्याचं हाड काढलेलं आहे. तुमच्या न्यूरोलॉजिस्टचं नाव, नोंदणी क्रमांक आणि हा इलाज आमच्या माणसाला चालेल असं त्यांच्या सहीचं पत्र पाठवा, मग आमचे सर्जन बघून सांगतील.' आणि तोपर्यंत दिरांना म्हणावं, बागेच्या गिऱ्हाइकाकडून विसार घेऊ नका.